सर्व्हरचा पंचनामा

मगदूम काकांनी तिसऱ्यांदा पासवर्ड घातला. उजव्या हाताच्या एकाच बोटाने, ओठ हलवत, एकेक अक्षर शोधत. सर्व्हरने त्यांना आत घेतलं, वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं नावही दाखवलं. त्यांनी मुख्य फोल्डरवर क्लिक केलं आणि पडद्यावर पुन्हा तीच चौकट आली. अ‍ॅक्सेस डिनाइड. प्रवेश नाही.

“बघा मॅडम,” ते म्हणाले, “वळख दावतंय, पर आत येऊ देत न्हाई. सकाळी आठपासनं हेच चाललंय.”

“दुसऱ्या कुठल्या मशीनवरून बघितलंत?” मी विचारलं.

“समद्या मशिनींवरनं बघितलं. पॅथॉलॉजी बंद, वॉर्ड बंद, शेकाची खोली बंद. माझंच बंद, तर दुसऱ्याचं काय इचारता.”

सोमवार होता आणि सव्वादहा वाजले होते. मी सव्वीस वर्षांची होते आणि सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत लागून मला तीन महिने झाले होते. तिथून तासाभरावर असलेल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाने सकाळी फोन करून मला बोलावून घेतलं होतं. कॅन्सरच्या पेशंटना किरणांचे जे डोस देतात, त्याला आमच्याकडे शेक म्हणतात. या रुग्णालयात शेकाचं मशीन होतं, म्हणून चार तालुक्यांतून माणसं तिथे यायची. कुणाला आजवर किती शेक दिला, आज किती द्यायचा, कुठे द्यायचा, हे सगळं त्या सर्व्हरवर होतं. सहा महिन्यांपूर्वी संस्थेने ‘कागदमुक्त रुग्णालय’ असा मोठा बोर्ड लावून जुनी कार्डं बंद केली होती. उद्घाटनाला पेढे वाटले होते म्हणे.

मगदूम काका त्या रुग्णालयात पस्तीस वर्षं होते. एक्स-रेच्या अंधारखोलीत फिल्मा धुण्यापासून सुरुवात. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणाच्या तरी जुन्या पुस्तकावरून कॉम्प्युटर शिकले आणि हा सर्व्हर त्यांनी एकट्याने उभा केला. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. शुक्रवारी त्यांच्या हातात पत्र पडलं होतं की कॉम्प्युटरचं काम महिनाअखेर बाहेरच्या कंपनीकडे जाणार, त्यांनी नोंदणी खिडकीवर बसायचं. बाहेरची कंपनी म्हणजे आमची. शनिवारी मी पाहणीला येऊन गेले होते. त्यामुळे मला त्या माणसाच्या नजरेला नजर देताना थोडं जड जात होतं, हे खरं. पण ते माझ्याशी अगदी नीट वागत होते. मला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली होती आणि आपण स्टुलावर बसले होते.

दारात लोंढे सिस्टर आल्या. शेकाच्या खोलीच्या त्या इन्चार्ज.

“मगदूम, अठरा जण बसलेत बाहेर. कवठ्याची जीप सकाळी सातला आलीय. काय सांगू त्यांना?”

“डॉक्टर आठवणीनं देतील का आजच्या दिवस?”

“शेक आठवणीनं देतात होय? एक बोट इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या जिवाशी खेळ.” त्या माझ्याकडे वळल्या. “ताई, तुमच्यानं होईल ना?”

“होईल,” मी म्हणाले. ही बढाई नव्हती. असा बिघाड मी वाचलेला होता. सर्व्हरवर प्रत्येक फोल्डरला परवानग्यांची यादी असते. कुणाला उघडता येईल, कुणाला नाही. त्यात परवानगीचा एक रकाना आणि नकाराचा एक. कुणीतरी यादीत काहीतरी भलतंच केलं होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं, फोल्डरची मालकी आपल्या नावावर घ्यायची आणि यादी सरळ करायची. पंधरा मिनिटांचं काम.

मी माउसला हात घातला आणि मागून आवाज आला, “मॅडम, हात काढा.”

सूर्यवंशी साहेब संस्थेचे सचिव होते. पांढराशुभ्र सफारी, कपाळाला गंध, आवाज कधीच न चढणारा. त्यांच्यामागे हेडक्लार्क सदलगे, काखेत फुलस्केप कागदांचा गठ्ठा. त्यांच्यामागे कँटीनवाला आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, दोघेही गोंधळलेले.

“कुणी काही दुरुस्त करायचं नाही,” साहेब म्हणाले. “आधी पंचनामा. हे दोघे पंच. तुम्ही तज्ज्ञ. जबाबदारी निश्चित होईपर्यंत मशीन आहे त्या स्थितीत राहील.”

“साहेब, बाहेर पेशंट आहेत.”

“पेशंटसाठीच करतोय. दुरुस्ती केली की केलेलं कृत्य पुसलं जातं, बरोबर? मग उद्या कोण मान्य करणार?”

यात तांत्रिकदृष्ट्या चूक काढायला जागा नव्हती. दुरुस्ती केल्यावर आधीची यादी दिसत नाही. आमच्याकडच्या संस्थांमध्ये नळ फुटला तरी आधी कुणामुळे फुटला ते कागदावर येतं, मग प्लंबर येतो. पाणी तोवर वाहत राहतं.

सदलगे लिहायला बसले. “एक खोली, दहा बाय आठ. एक टेबल, लाकडी. एक खुर्ची, डावा हात मोडलेला. एक स्टूल.” कँटीनवाल्याने पंखा दाखवला. तोही लिहिला गेला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला हसू आवरलं नसतं.

मगदूम काका उभे राहिले होते. ते साहेबांना म्हणाले, “कामावरनं काढायचं तर काढा साहेब. कागद आलाच हाय माझ्या हातात, मी काय बोललो का? पर ह्याला मी मुद्दाम हात लावला असं तेवढं लिहू नका. पस्तीस वर्सं मी ह्या लोकास्नी आत सोडलंय, भाईर सोडलंय. त्यांच्या वाटंवर मी कशाला बसंन?”

“आम्ही काही लिहीत नाही, मगदूम. मशीन सांगेल ते लिहायचं.” साहेबांनी मला खूण केली. “मॅडम, यादी दाखवा.”

फोल्डर उघडत नव्हतं, पण त्याच्या परवानग्यांची यादी बघता येत होती. मी ती उघडली. सगळ्यात वर एक ओळ होती. ‘एव्हरीवन’, आणि पुढे नकाराच्या रकान्यात बरोबरची खूण.

“म्हणजे काय?” ड्रायव्हरने विचारलं.

“म्हणजे सगळ्यांना नकार,” मी म्हणाले. “अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही सगळ्यांत मोडतो. नकार आणि परवानगी दोन्ही असतील तर नकार वरचढ ठरतो. त्यामुळे ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या, तोही बाहेर.”

हे वाक्य मी बोलत होते आणि बोलताबोलता नजर पुन्हा त्या ओळीवर गेली. अजून काय ते कळलं नव्हतं. फक्त ती खूण ओळखीची वाटली.

“कधी केलं हे?”

“नोंद असेल तर सापडेल.”

“हाय,” काका म्हणाले. “कोण काय बदलतंय त्याची नोंद मीच चालू करून ठेवलीया.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी उमेद आली. नोंद आपल्याला वाचवणार, अशी त्यांची खात्री होती.

मी नोंद उघडली. खाली सरकत गेले. शनिवार. दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. मुख्य फोल्डर. बदल करणारा: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. याच मशीनवरून.

सदलग्यांनी ते मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. बारा वाजून दहा मिनिटं. मगदूम काकांचा चेहरा उतरला. आणि शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी त्या खुर्चीत मी बसले होते.

साहेबांनीच मला आणलं होतं. काका शेकाच्या खोलीत प्रिंटर अडकला म्हणून गेले होते, त्यांचं लॉगिन चालूच होतं. साहेब म्हणाले होते, “हे ‘तक्रारी’ नावाचं फोल्डर आहे. स्टाफमधला कुणीही उठतो आणि वाचतो. उद्या ट्रस्टींपर्यंत भलतंच जाईल. कुणाला दिसता कामा नये. दोन मिनिटांचं काम आहे ना?” काकांना विचारू या, असं मी म्हणायला हवं होतं. पण नव्या कंपनीची हुशार मुलगी म्हणून मला मिरवायचं होतं. मी एव्हरीवन निवडलं, नकारावर खूण केली, साहेबांना वेगळी परवानगी सोमवारी देते म्हणाले. नकार वरचढ असतो हे मला पाठ होतं, पण त्या वेळी डोक्यात आलंच नाही. पडद्यावर हिरवी पट्टी धावायला लागली. फायलींची नावं भराभर पळत होती. साहेबांनी विचारलं, झालं? मी म्हणाले, होतंय. मला पाऊणची एसटी गाठायची होती. पट्टी तशीच पळती ठेवून मी निघाले.

तक्रारींच्या त्या चाळीस कागदांच्या फोल्डरला एक क्षण पुरतो. मी एक पायरी वरचं, मुख्य फोल्डर धरलं होतं. सर्व्हर जुना आहे, म्हणून वेळ लागतोय, असं मी स्वतःला सांगितलं होतं. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी शेक बंद, वॉर्डातलं बाकीचं काम वहीत लिहून. कुणाला कळलंच नाही.

मी साहेबांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

“शनिवारी बारा वाजता मी ट्रस्टींसोबत जेवायला होतो,” ते म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

मला भीती वाटली. आडपडदा न ठेवता सांगते, फार भीती वाटली. महिन्याभरापूर्वी एका शाळेचा डेटा माझ्या हातून उडाला होता आणि आमच्या मालकांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, आणखी एक चूक आणि घरी बसायचं. तरी मी बोलणार होते. फक्त आधी मालकांना सांगावं, मग बोलावं, असं ठरवलं. “साहेब, ऑफिसला एक फोन करून येते,” म्हणून मी बाहेर पडले.

व्हरांड्यात माणसं बसली होती. मानेवर, गालावर जांभळ्या शाईने रेघा ओढलेल्या. त्या रेघांच्या आत शेक द्यायचा असतो, त्या पुसायच्या नसतात. एक म्हातारे गृहस्थ घाम पुसताना रुमाल त्या रेघांना लागू नये म्हणून फार जपून पुसत होते. मी त्यांच्यासमोरून पुढे गेले आणि जिन्याखाली उभी राहून फोन लावला.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं नाही. मी ‘मुख्य फोल्डर’पर्यंत आले आणि त्यांनी मला तोडलं. “वृषाली, कॉन्ट्रॅक्ट आज-उद्या सही होतंय. त्यांच्या आपसातल्या भानगडीत तू पडू नकोस. पडद्यावर जे दिसतंय तेवढंच लिहून दे. त्यात एक अक्षरही खोटं नाही ना?”

“नाही.”

“मग झालं.”

फोन ठेवल्यावर मी लगेच वर गेले नाही. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. बोलावं की नाही याचा विचार करत होते, असं मी पुढे बरीच वर्षं म्हणत आले. खरं म्हणजे मी कुणीतरी माझ्याऐवजी काहीतरी करील याची वाट बघत होते. वीस मिनिटं गेली असतील.

वर आले तेव्हा लोंढे सिस्टर दारात उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज चढला होता. “जीपवाला निघतो म्हणतोय. चौघं परत चाललीत. गेल्या आठवड्यात दोन दिवस आधीच बुडालेत त्यांचे, आज तिसरा. साहेब, माणसं आहेत ती.”

“मगदूमांनी खुलासा दिला की लगेच चालू करू,” साहेब म्हणाले. “मी कुठे अडवतोय?”

मगदूम काकांनी स्टूल पुढे ओढलं. “कागद द्या,” ते सदलग्यांना म्हणाले.

ते लिहू लागले. त्यांचं अक्षर वळणदार होतं, त्या एका बोटाच्या टायपिंगशी अजिबात न जुळणारं. मी त्यांच्या खांद्यामागे होते, मला सगळं दिसत होतं. ‘शनिवारी दुपारी माझ्या हातून चुकून मुख्य फोल्डरच्या परवानग्या बदलल्या गेल्या. त्यास मी जबाबदार आहे.’

साहेबांनी कागद वाचला आणि परत दिला. “‘चुकून’ कशाला? पत्र शुक्रवारी मिळालं, बदल शनिवारी झाला. चुकून म्हटलं तर संस्थेला कारवाई करता येत नाही. मग प्रकरण चौकशी समितीकडे जाईल. समिती गुरुवारी बसते. तोपर्यंत मशीन सील.”

“साहेब,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. चेहरा शांत होता. “मॅडम, तुम्हाला फक्त तांत्रिक विचारलंय. लॉगमधली नोंद बरोबर आहे की नाही?”

सगळे माझ्याकडे बघत होते. काकाही. त्यांनी मान थोडी तिरकी केली होती, ऐकू यावं म्हणून करतात तशी.

“नोंद बरोबर आहे,” मी म्हणाले.

काकांनी मान खाली घातली. ‘चुकून’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली. खाडाखोड केली की शेजारी छोटी सही करायची, हा कचेरीचा नियम. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. त्यांनी समासात छोटी सही केली, मग खाली मोठी. कँटीनवाल्याने केली, ड्रायव्हरने केली. सदलग्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘तज्ज्ञ’ असं लिहून त्यापुढे जागा सोडली होती. मी सही केली. तारीख घाला, वेळ घाला, असं ते म्हणाले. मी घातली. अकरा वाजून पन्नास मिनिटं.

“उद्यापासून येण्याची गरज नाही, मगदूम,” साहेब जाता जाता म्हणाले. “पुढचं पत्राने कळवू.”

मी खुर्चीत बसले. काका मागे उभे राहिले. मालकी घेतानाच मी दोनदा चुकीच्या जागी क्लिक केलं. “सावकाश,” ते म्हणाले. “आन सगळं एकदम करू नका. आधी शेकाचं फोल्डर उघडा. पट्टी पळत्याली उगंच, तासभर जाईल. त्यास्नी आधी आत घेऊ द्या.” मी आधी शेकाचं फोल्डर मोकळं केलं. चार मिनिटांत पहिलं नाव उघडलं. काकांनी फोनवरून सिस्टरना सांगितलं, “बघा, आलं का?” पलीकडून सिस्टर काही म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “जीप थांबवा म्हणावं,” ते म्हणाले.

बाकीचं उरकायला एक वाजला. काकांनी सर्व्हरचा पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्या हातात दिला, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि पिशवी खांद्याला लावली. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले. आता मला बोलायला कुणाची आडकाठी नव्हती.

“काका, शनिवारी ते...”

“ठावं हाय,” ते म्हणाले. “जिन्यात आडवी आली न्हवतीस का तू? मी वर गेलो तवा पट्टी पळतच हुती. वाटलं, साहेबांनी कायतरी करायला लावलंय, आपण कशाला मधी पडा. तिथं माझंबी चुकलंच. थांबवायला पायजे हुती.”

सकाळपासून ते मला मॅडम आणि तुम्ही म्हणत होते. आत्ता पहिल्यांदा तू म्हणाले होते.

“मग आत का नाही बोललात?”

त्यांनी क्षणभर विचार केला. रागाने नाही, कुणी गाडीची वेळ विचारली तर करतात तसा.

“बोललो असतो की. पर तू न्हाई म्हटली असतीस. साहेब बी न्हाई म्हटलं असतं. मग खरं कुणाचं, ह्यातच दिस मावळला असता. ती माणसं तशीच गेली असती घरला.”

मी नाही म्हटलं नसतं, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. ते पिशवीचा पट्टा धरून उभे होते, माझं ऐकायला थांबले होते. त्यांना घाई नव्हती. वरच्या खोलीत त्या कागदावर माझी सही होती, वेळेसकट.

थोडा वेळ वाट बघून त्यांनी मान हलवली आणि ते जिना उतरून गेले.